भंगाराचा लिलाव झाला, सफाईचे काय?

हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याच्या स्टेशनातून पूर्णा-अकोला लोहमार्ग जातो. उत्तरेला वाशीम ओलांडून अकोल्याला पोचले आणि तिथून भुसावळच्या बाजूला वळले की पारस लागते. दक्षिणेला हिंगोली, वसमत, पूर्णा, परभणी आणि गंगाखेड करत गेले की परळी वैजनाथ. हिंगोली जिल्ह्यात औष्णिक वीजकेंद्र नाही, पण जिल्ह्याच्या दोन्ही अंगांना, एकाच रुळाच्या आधाराने गाठता येतील अशी, पारस आणि परळी ही राज्यातली दोन जुनी केंद्रे आहेत. दोन्हीकडे नवे संच चालू आहेत आणि दोन्हीकडचे पहिले संच केव्हाच मोडीत निघाले आहेत. संच बंद पडला की वर्तमानपत्रात बातमी येते, भंगाराच्या निविदेवरून वाद होतात, कधी धुराडे पाडल्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो. त्यानंतर त्या जागेतल्या मातीचे, पाण्याचे आणि राखेचे काय झाले, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. या लेखात आढावा घ्यायचा आहे तो या न विचारलेल्या प्रश्नाचा.

बंद झाले म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात अख्खे वीजकेंद्र बंद झाल्याचे प्रसंग थोडे. बंद होतात ते संच. पारसचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९६१ चा, दुसरा ६२.५ मेगावॅटचा १९६७ चा. दोन्ही निवृत्त झाले आणि २००८ व २०१० मध्ये २५० मेगावॅटचे दोन नवे संच सुरू झाले. परळीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले, १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन. हे पाचही आज इतिहासजमा आहेत आणि केंद्र चालते ते २००७, २०१० व २०१६ मध्ये आलेल्या २५० मेगावॅटच्या तीन संचांवर. नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे १४० मेगावॅटचे दोन, कोराडीचे १२० मेगावॅटचे चार, भुसावळच्या दीपनगरचा ६२.५ मेगावॅटचा पहिला, ही यादी अशीच वाढवता येईल.

या पद्धतीचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. केंद्राचे फाटक, नाव, वसाहत, राखेचा तलाव, सगळे चालूच राहते. त्यामुळे जुन्या संचाची जागा साफ करणे हे वेगळे काम म्हणून कागदावर येतच नाही. जुनी राख नव्या राखेखाली जाते, जुन्या ट्रान्सफॉर्मरखालची तेलकट जमीन नव्या यार्डाच्या काँक्रीटखाली जाते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या १९६० ते २००५ या काळात उभारलेल्या संचांचा वारसा २००५ मध्ये महानिर्मितीकडे आला. केव्हा काय सांडले, कुठे काय पुरले, याच्या नोंदी त्या वाटणीत कितपत टिकल्या असतील, याचा अंदाज सरकारी दप्तरांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला करता येईल.

अख्खे केंद्र बंद पडून भोवती शहर वाढले, असे उदाहरण हवे असेल तर ठाकुर्लीला जावे लागते. कल्याण-पुणे मार्गावर विजेच्या गाड्या चालवण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने उल्हास नदीच्या काठी, चोळे गावाजवळ कोळशावरचे वीजघर उभारले. १९२९ पासून त्याने घाटातल्या गाड्यांना वीज पुरवली. १९८० च्या दशकात ते बंद झाले. पुढे रेल्वेने तिथे वायूवर चालणारे नवे केंद्र उभारण्याचा बेत जाहीर केला. तो कागदावरच राहिला. दरम्यान कल्याण-डोंबिवली इतकी वाढली की एके काळचे गावाबाहेरचे वीजघर दाट वस्तीच्या मध्ये आले. काही तरी नवे येणार म्हणून जागा अडकून राहिली, आणि जागा अडकली म्हणून सफाईचा विषय निघाला नाही. बंद केंद्रांच्या बाबतीत हे जगभर घडते. जागेच्या भविष्याचा निर्णय आणि तिच्या सफाईचा निर्णय एकमेकांना बांधले की दोन्ही लोंबकळतात.

विकले जाते ते आणि उरते ते

जुना संच मोडण्याची रूढ वाट लिलावाची. बॉयलरच्या नळ्या, टर्बाइन, जनरेटरमधले तांबे, गर्डर, कोळशाचे पट्टे वाहणारे सांगाडे, या सगळ्याला वजनावर भाव मिळतो. सर्वाधिक बोलीच्या ठेकेदाराला अमुक महिन्यांत जागा मोकळी करून द्यायची असते. त्याला गोडी धातूत आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. करारच तसा असतो. अडचण अशी की धातूपर्यंत पोचायच्या आधी जे काढावे लागते, त्याला भाव नसतो.

वाफेच्या नळीचेच पाहा. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. तो सोलला की तारेची जाळी. जाळीखाली पांढरट, पिठूळ, बोटाने चुरा होणारा थर, ज्याला कामगार ‘लॅगिंग’ म्हणतात. आतली पाचशे अंशांच्या आसपासची वाफ थंड होऊ नये म्हणून ही दुलई. १९६० आणि ७० च्या दशकांत बांधलेल्या केंद्रांमध्ये अशा लॅगिंगमध्ये, गॅस्केटमध्ये, दोरखंडासारख्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. ते ओले करून, सीलबंद पिशवीत भरून, मास्क लावलेल्या प्रशिक्षित माणसांनी काढायचे असते. घाईच्या कामात ते लोखंडी कांबीने खरवडून खाली पाडले जाते, गॅस कटर लावला जातो, आणि तोंडाला गमछा बांधलेला मजूर तीच धूळ झाडून एका कोपऱ्यात लोटतो. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी होणारे फुप्फुसाचे आजार दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. तोपर्यंत ठेकेदार, मजूर आणि हजेरीपट, तिघेही सापडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्य-नोंदी दीर्घकाळ जपण्याचा आदेश १९९५ मध्येच दिला होता. पण त्या निकालाच्या डोळ्यांपुढे होता तो कारखान्यातला कायम कामगार. संच मोडायला आलेला परप्रांतीय मजूर त्या नोंदवहीत बसत नाही.

जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधले तेल हा दुसरा मुद्दा. त्यात पीसीबी नावाची क्लोरिनयुक्त रसायने असू शकतात, जी मातीत दशकानुदशके टिकतात आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जातात. भारताने २०१६ मध्ये त्यांच्या उत्पादनावर आणि आयातीवर बंदी घातली आणि वापर पूर्ण थांबवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरवली. शिवाय पाणी शुद्ध करण्याच्या विभागातली आम्ले आणि कॉस्टिक, बॅटरी-खोलीतले शिसे, जुन्या उपकरणांतला पारा, इंधन तेलाच्या टाक्यांखाली झिरपलेले फर्नेस ऑइल, कोळशाच्या यार्डातून पावसाळ्यात वाहिलेले काळे पाणी. अशा धोकादायक कचऱ्याची विल्हेवाट लावणारे राज्यातले मोठे प्रकल्प तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी या बाजूंना आहेत. परळी किंवा पारसहून तिथवर वाहतूक करणे म्हणजे खर्च, आणि लिलावाच्या हिशेबात हा खर्च कोणाच्याच रकान्यात नसतो.

राखेचा डोंगर

हे सगळे मिळून जेवढे होईल त्याच्या कित्येक पट मोठा प्रश्न राखेचा. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३५ ते ४० टक्के. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे साडेतीन हजार टन कोळसा खातो आणि बाराशे-चौदाशे टन राख टाकतो. असा संच तीसेक वर्षे चालतो. ही राख पाण्यात कालवून नळांनी तलावात सोडण्याची जुनी रीत. संच बंद होतो, तलाव तिथेच राहतो. राखेत आर्सेनिक, क्रोमियम, शिसे, सेलेनियम, बोरॉन, पारा असे घटक अल्प प्रमाणात असतात. पण लाखो टनांच्या ढिगात आणि वर्षानुवर्षांच्या पाझरात ‘अल्प’ची बेरीज मोठी होते.

नागपूरकरांनी ते जुलै २०२२ मध्ये पाहिले. कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बंधारा अतिवृष्टीत फुटला, राखेचा गाळ शेतांत शिरला आणि कोलार नदीतून कन्हानमध्ये गेला. नागपूरच्या काही भागाला पिण्याचे पाणी कन्हानमधूनच मिळते. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या राख तलावाला तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी भेट दिली होती आणि तिथे राख टाकणे थांबवून साठा उचलण्याचे आदेश निघाले होते. गावकऱ्यांच्या तक्रारी आणि मंथन अध्ययन केंद्रासारख्या संस्थांनी केलेल्या पाण्याच्या तपासण्या त्यामागे होत्या. चालू केंद्राच्या तलावावर निदान पंप, पहारा आणि अभियंता असतो. संच बंद होऊन बजेट आटल्यावर बंधाऱ्याची डागडुजी कोण करणार, हा खसाळ्याने पुढे टाकलेला प्रश्न आहे.

परळीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तिथे केंद्राला सगळे ‘थर्मल’च म्हणतात. थर्मल शहराला लागून, शक्तिकुंज वसाहत शेजारी, राखेची तळी आसपासच्या गावांच्या शिवारात. उन्हाळ्यात तळ्याचा पृष्ठभाग सुकला की वाऱ्याबरोबर उडणारी पांढरी धूळ पिकांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, रस्त्याच्या कडेच्या दुकानांच्या काउंटरवर बसते. त्याच वेळी राखेला मागणीही आहे. वीटभट्ट्या, सिमेंट, रस्त्यांचे भराव, सगळ्यांना ती हवी असते. मागणी आली तसे टिप्पर आले, टिप्परांमागे हितसंबंध आले, आणि बीड जिल्ह्यातला राखेचा धंदा गेल्या काही वर्षांत राज्याच्या राजकारणात गाजला. एरवी राख उचलली जाणे म्हणजे सफाईच. पण ताडपत्री न टाकता भरधाव जाणारा टिप्पर आणि पावती नसलेली खेप ही सफाई नव्हे. राख एका तळ्यातून उठून शंभर ठिकाणी पडते आणि तिचा माग संपतो. जुन्या खाणीत, नाल्याच्या काठी, सखल शेतात पडलेली अशी राख उद्या हिंगोली किंवा परभणी जिल्ह्याच्या हद्दीत निघाली, तर ती कुठल्या संचाची, हे कोण सांगणार?

केंद्र सरकारची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना इथे महत्त्वाची आहे. तिने नव्या राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला, साठलेल्या जुन्या राखेसाठी १ एप्रिल २०२२ पासून दहा वर्षांची मुदत दिली, आणि चुकल्यास टनामागे १००० रुपये भरपाई ठरवली. मात्र एक पळवाटही ठेवली: तलाव स्थिर करून त्यावर हरितपट्टा उभा केला असेल तर तिथली राख उचलण्याची सक्ती नाही. वरून हिरवळ आणि खालून पाझर, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते. म्हणून अशा प्रत्येक तलावाभोवतीच्या विहिरींची तपासणी ही या सवलतीची अट असायला हवी.

इतर शहरांनी काय केले?

दिल्लीने भर शहरातली कोळशाची केंद्रे एकामागून एक बंद केली. त्यातले सर्वांत मोठे बदरपूर, ७०५ मेगावॅटचे. १९७३ मध्ये सुरू झालेले हे केंद्र १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कायमचे थांबले. त्याच्या ८८४ एकरांच्या राख तलावावर माती टाकून मोठे उद्यान करण्याची योजना एनटीपीसीने हाती घेतली. शहराला बाग मिळते, हे चांगलेच. पण राख तिथेच राहते, म्हणजे खालच्या भूजलावर कायम लक्ष ठेवण्याची जबाबदारीही राहते. उद्घाटनाच्या पाटीवर तिचा उल्लेख नसतो.

शिकागोची गोष्ट अधिक बोलकी. मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांच्या ‘लिटल व्हिलेज’ वस्तीला लागून असलेले क्रॉफर्ड केंद्र १९२४ चे. रहिवाशांच्या दीर्घ लढ्यानंतर ते २०१२ मध्ये बंद झाले. धूर थांबला म्हणून वस्तीने सुटकेचा श्वास घेतला. आठ वर्षांनी, ११ एप्रिल २०२० रोजी, कोविडच्या ऐन भरात, जागा विकत घेतलेल्या कंपनीने सुरुंगाने धुराडे पाडले. पुरेसे पाणी न मारल्याने धुळीचा लोट घराघरांत शिरला. जागेवर पुढे एका किरकोळ विक्री साखळीचे गोदाम झाले, कोर्टकज्जे झाले, भरपाईच्या तडजोडी झाल्या. केंद्र चालू असताना वस्तीने जे भोगले त्यात बंद झाल्यानंतरचा एक दिवस जादा जमा झाला. कारण पाडकामाची परवानगी देताना शेजाऱ्यांना कोणी मोजलेच नव्हते.

लंडनचे बॅटरसी १९८३ मध्ये पूर्ण बंद झाले आणि दुकाने, कचेऱ्या व घरांसह २०२२ मध्ये उघडले. जागा थेम्सच्या काठी, भाव गगनाला भिडलेले, तरीही मध्ये जवळपास चाळीस वर्षे आणि अनेक फसलेल्या योजना गेल्या. बाजारभाव सफाईचा खर्च भागवील, ही आशा लंडनलाही इतकी महाग पडली. परळी, पारस आणि दीपनगर इथे जमिनीला तसा भाव नाही. बिल्डर येऊन ॲस्बेस्टॉस काढून देईल, असे समजण्यात अर्थ नाही.

कायदा कुठवर पोचला?

कायद्याच्या बाजूने अलीकडे हालचाल झाली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोळसा-लिग्नाइट केंद्रे मोडताना पाळायची पर्यावरणीय मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांचा अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची, आणि ज्याने दूषित केले त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा. देशात अशा १०३ जागा ओळखल्या गेल्या असताना प्रत्यक्ष सफाई सुरू झाली ती अवघ्या सात ठिकाणी. त्या पार्श्वभूमीवर हे पाऊल मोलाचे आहे. मात्र सफाई पूर्ण करण्याची सरसकट अंतिम मुदत या नियमांत नाही.

खरी गोम आणखी खोल आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी राखेला ‘प्रमाणाने मोठी, परिणामाने कमी’ अशा वर्गात टाकून घातक कचऱ्यातून वगळले आहे. दूषित जागांचे नियम उभे आहेत ते घातक पदार्थांच्या पायावर. म्हणजे मोडलेल्या संचाखालचे पीसीबी किंवा ॲस्बेस्टॉस नियमांच्या कक्षेत सहज येते, पण शेजारचा अवाढव्य राख तलाव ‘दूषित जागा’ ठरवायचा तर त्यातले आर्सेनिक किंवा शिसे मातीत-पाण्यात मोजून दाखवावे लागते. तपासणी झाली नाही तर जागा दूषित नाही, आणि दूषित नाही म्हणून तपासणीची गरज नाही. हे चक्र तोडायला जिल्हा प्रशासनाने पहिल्याच अहवालात बंद संच व राख तलाव संशयित म्हणून नोंदवणे पुरेसे आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पैसा कोणाचा?

मुळात सफाई रखडते ती पैशावाचून, आणि पैसा नाही कारण तो बाजूला काढलेलाच नाही. वीजदर ठरवताना केंद्राच्या भांडवली खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत घसारा ग्राहकांकडून वसूल होतो. उरलेले १० टक्के भंगारमूल्य म्हणून धरले जातात. या रीतीत संच मोडला की खर्च येत नाही, उलट पैसे मिळतात, असे गृहीत आहे. धातूपुरते ते खरेही आहे. पण मातीचे नमुने, राखेचा बंधारा, विहिरींवर पुढची वीस वर्षे लक्ष, यांना त्या १० टक्क्यांत जागा नाही.

याच देशात दुसरी रीत चालू आहे. अणुवीज केंद्रांच्या दरात युनिटमागे २ पैसे केंद्र मोडण्याच्या निधीसाठी जमा होतात. कोळसा खाणींना २००९ पासून खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी एस्क्रो खात्यात दरवर्षी रक्कम भरावी लागते. म्हणजे कोळसा जिथून निघतो तिथे बंद करण्याचे पैसे आधी घेतले जातात. तोच कोळसा जिथे जळतो आणि राख टाकतो, तिथे मात्र नाही. या विसंगतीचे समर्थन करणे कठीण आहे. काही जण म्हणतील, वीज आधीच महाग, त्यात आणखी भार कशाला? पण भार टळत नाही, फक्त बिल भरणारा बदलतो. राज्यभरच्या ग्राहकांनी वीज वापरली. सफाईचा भुर्दंड मात्र परळीच्या दम्याच्या रुग्णाने आणि खसाळ्याच्या शेतकऱ्याने सोसायचा, ही वाटणी स्वस्त वीज नव्हे, उधारीची वीज आहे.

पुढची काही वर्षे

विजेची मागणी वाढल्याने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये कळवले की २०३० पूर्वी कोळशाचे संच निवृत्त करू नयेत. म्हणजे निवृत्ती पुढे ढकलली गेली आहे, टळलेली नाही. २१० मेगावॅटच्या पिढीतले जे संच अजून चालतात ते सगळे म्हातारे आहेत आणि एकाच काळात बंद होतील. मधली वर्षे हीच तयारीची संधी आहे, आणि तयारी तशी सोपी आहे.

पहिली गोष्ट, लिलावाआधी यादी: कुठल्या नळीवर कसले लॅगिंग, कुठल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये कसले तेल. ती निविदेबरोबर जाहीर करायची आणि ॲस्बेस्टॉस-तेल काढण्याचे काम भंगार-ठेकेदाराकडे न देता वेगळ्या, अनुभवी एजन्सीला द्यायचे. दुसरी, पाडकामाच्या आधी आणि नंतर माती व विहिरींचे नमुने, आणि त्यांचे निकाल नगरपरिषदेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर. तिसरी, प्रत्येक राख तलावाचे मोजमाप, बंधाऱ्याची वार्षिक तपासणी आणि राखेच्या प्रत्येक खेपेची उगमापासून मुक्कामापर्यंत नोंद. चौथी, वीज नियामक आयोगासमोर दरनिश्चितीच्या सुनावणीत सफाई निधीची मागणी. या सुनावण्या जाहीर असतात, तिथे ग्राहक संघटना बोलतातच. आजवर बोलणे युनिटच्या भावावर झाले, आता बंद झालेल्या संचावरही व्हावे.

शेवटी जागेच्या भवितव्याचे. जुन्या जागी नवा संच हवा, सौर पॅनेल हवेत की उद्यान, यावर गावोगाव मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. रोजगाराचा प्रश्न खरा आहे. पण ठाकुर्लीचा धडा हाच की तो वाद मिटेपर्यंत सफाई थांबवायची नसते. जमिनीवर पुढे काहीही आले तरी माती तपासावी लागणार, तेल काढावे लागणार, राख बांधावी किंवा उचलावी लागणार. या कामाचा खर्च संच वीज विकून कमावतो आहे तोवरच बाजूला काढता येतो. संच भंगारात निघाल्यावर मागायला गेलो, तर देणारा शोधण्यातच पुढची चाळीस वर्षे जातील.